अकरा नंबरला कळ्या नाहीत

"लगेच या," चारुदत्त कर्णिक फोनवर म्हणाले. "चोर मी बसवून ठेवलाय."

हवालदार संजना घरत नेऱ्याला पोचली, तेव्हा चोर कर्णिकांच्या फाटकाबाहेर उन्हात बसला होता. चोराचं नाव गोदा. शेडमागच्या खोलीत नवरा आणि दहावीतली मुलगी दिपा यांच्यासह राहणारी, सहा वर्षं इथली झाडं सांभाळणारी कातकरी बाई. तिची भांडी, गोधड्या, मुलीची पुस्तकं शेजारी ढीग करून टाकलेली. संध्याकाळच्या आत खोली रिकामी कर, असं कर्णिकांनी तिला बजावलं होतं. तक्रारअर्जही लिहून तयार होता. अर्जात चोर हा शब्द तीनदा होता.

चोरीला काय गेलं होतं, ते मात्र कुठेच नव्हतं.

मांडणी

शेडमध्ये लोखंडी मांडणी. तिच्यावर बारा कुंड्या, सगळ्या एकसारख्या, काळ्या प्लॅस्टिकच्या, प्रत्येकीत नंबराची पट्टी खोचलेली. बाराही जागच्या जागी. झाडंही दिसायला एकसारखीच. बिनकाट्याचे, चपट्या पेरांचे निवडुंग, पेराला पेर जोडून खाली लोंबणारे. मूळचे ब्राझीलच्या जंगलातले. हिवाळ्यात फुलतात. फुलाशिवाय कोणतं कोणाचं, हे धनीही ओळखू शकत नाही.

बारांपैकी अकरा झाडांच्या टोकांना कळ्या टपोरल्या होत्या. अकरा नंबरच्या झाडाला एकही नव्हती.

तेवढ्यासाठी मला बोलावलंत का, असं संजनानं विचारलं. कर्णिकांनी तिला अडाण्याला समजवावं तसं समजावलं. अकरा नंबरचं फूल पिवळं, आतून लाल. त्यांनी स्वतः पंधरा वर्षं खपून तयार केलेलं. तसं दुसरं झाड कुठेही नाही. रविवारी पनवेलला प्रदर्शन. आणि या झाडाला कळी धरायची, तर दोन महिने रोज सलग चौदा तास मिट्ट काळोख लागतो. म्हणून एक ऑक्टोबरपासून गोदानं संध्याकाळी पाचला अख्ख्या मांडणीवर काळा पडदा ओढायचा आणि सकाळी सातला काढायचा.

"उजेड मिळत राहिला तर काय होतं?"

"झाड नुसतं वाढत बसतं. कळीऐवजी नवी पेरं काढतं. आणि कळ्या आल्यावर कुंडीची जागा बदलली, तर त्या गळतात. हिला हे सगळं ठाऊक आहे. ऑपरेशननंतर मी तीन आठवडे पुण्याला मुलीकडे होतो. गेलो तेव्हा कुठेच कळी नव्हती. परवा आलो तर हे. निघताना मी तिला झापलं होतं, त्याचा सूड उगवला. रात्रीचा दिवा लावला."

"एकाच कुंडीला?"

संजनानं अकरा नंबरची कुंडी उचलली, दाराशी नेली आणि

टोकं

पाहिली. प्रत्येक टोकाला कोवळं, पोपटी पेर. कळी तुटल्याची किंवा गळल्याची खूण कुठेच नाही. शेजारच्या दहा आणि बारा नंबरला मात्र नवं पेर एकही नाही. नुसत्या कळ्या.

फाटकाबाहेर

– कळ्या आल्या होत्या का?

– आल्या होत्या. मी पायल्या. मुगाएवढ्या.

– मग गेल्या कधी?

– शनवारी सकाळी पडदा काढला तवा नव्हत्या.

– खाली पडलेल्या सापडल्या?

– एक बी नाय.

– कोणाला सांगितलंस का नाहीस?

– सांगून काय झालं असतं? आज झालंय तेच. चार दिस आधी झालं असतं.

– तीन आठवड्यांत इथे आलं कोण कोण?

– इंद्रजीतदादा रोज यायचे, पंप बगायला. सायबांचे पुतणे. शेडाची चावी त्यांच्याकडं बी. अन् शुक्रवारी सायबांच्या मंडळातल्या टिपणीसबाई. सायबांची माती आपल्या झाडाला घालायची म्हनून पिशवीतून स्वतःची कुंडी घेऊन आल्या. मला म्हनल्या, चा टाक.

– तू चहाला गेलीस. आणि त्या?

– शेडात. जाताना पिशवी मीच उचलून गाडीत ठेवली.

– जड होती?

– येताना होती तेवढीच.

इंद्रजीत

तो कर्णिकांच्या ओसरीवरच भेटला आणि भेटताक्षणी भांडायला उठला. काकांनी ही जागा विकावी, असं त्याला वाटत होतं आणि ते तो लपवत नव्हता. झाडं मेली तर सर्वांत जास्त आनंद मलाच होईल, असं तो काकांच्या तोंडावर म्हणाला. काकांनी त्याला फुकट्या म्हटलं. त्यानं गोदाकडे पाहत म्हटलं की जंगलातली माणसं घरात ठेवली की असंच होणार. काका-पुतण्याचं तेवढ्या एकाच गोष्टीवर एकमत झालं.

संजनानं त्याच्यावरचा संशय सोडून दिला. नासधूस करणाऱ्याला एक कुंडी पुरत नाही. चावी हातात असताना त्यानं बाराच्या बारा उपटल्या असत्या.

पहिला मजला

अरुंधती टिपणीस बागप्रेमी मंडळाच्या अध्यक्ष. घर महामार्गाला लागून. न्हावा शेवा बंदराचे कंटेनर गेले की खिडक्यांची तावदानं थरथरायची. संजनानं कर्णिकांना गाडीत बसवून आणलं होतं, पण खालीच थांबवलं. वर ती एकटीच गेली आणि बाग पाहायला आलेय म्हणाली.

बाल्कनीत तसलेच सात निवडुंग होते, तशाच काळ्या कुंड्यांत. सहांना पोपटी पेरं. सातव्याला कळ्या, त्यातल्या चार बशीत गळून पडलेल्या. समोर फलाटाएवढा लांब जाहिरातीचा फलक.

पोलीस आहे म्हटल्यावर टिपणीसबाईंनी त्या फलकाचीच तक्रार सुरू केली. दोन वर्षं त्या सगळीकडे अर्ज करतायत. दिवेलागणीपासून उजाडेपर्यंत फलकाचे दिवे डोळ्यांत जातात. बाल्कनीत मध्यरात्री पेपर वाचता येतो.

"मग झाडं रात्री झाकत असाल?"

"तसली थेरं कर्णिक करतात. पडदे काय, घड्याळं काय. मी उत्तम खत घालते, बस."

"आणि हे कळ्यांचं झाड?"

"पाच वर्षं इथेच आहे. याच जागी."

संजनानं कठड्यावरून वाकून कर्णिकांना वर यायची खूण केली.

कोण कुठे राहिलं होतं

"बाई, झाडाला खोटं बोलता येत नाही," संजना म्हणाली. कर्णिक दारात धापा टाकत उभे होते.

"साहेबांच्या शेडातला पडदा एकच आहे, बाराही कुंड्यांवर. गोदानं तो उघडा ठेवला असता, तर कळ्या कोणालाच आल्या नसत्या. एकालाच नाहीत, म्हणजे पडदा रोज पडला आणि ते एक झाड त्या पडद्याखाली राहिलेलंच नाही. ते उजेडात वाढलं. टोकाची कोवळी पेरं तेच सांगतात.

"आता इथलं बघा. तुम्हीच म्हणता, इथे रात्र होतच नाही. तुम्हीच म्हणता, झाकत नाही. मग या एकाला कळ्या आल्या कशा? ते दोन महिने काळोखात होतं. इथे नव्हतं. चार कळ्या गळल्या, कारण ते नुकतंच हलवलंय. शुक्रवारी तुम्ही तुमची कुंडी पिशवीतून नेलीत, नंबराची पट्टी तिच्यात खोचलीत आणि साहेबांची कुंडी पिशवीत घातलीत. गोदाला चहाला धाडलंत. चोरीचा माल गाडीत ठेवायलाही तिचेच हात वापरलेत."

टिपणीसबाईंनी हे झाड कर्णिकांनी दिलेल्या पेरापासूनच वाढवलंय, असं सांगून पाहिलं. कर्णिक खाली वाकले. एका कळीचं टोक उकलू लागलं होतं. आत पिवळं होतं.

"हे पेर मी कोणालाही दिलेलं नाही," ते म्हणाले.

"नाहीच दिलंत," टिपणीसबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "एक पेर मागितलं होतं. बोटाएवढं. सगळ्या मंडळासमोर म्हणालात, तुमच्या हातात मरेल. रविवारी त्याच मंडळासमोर तुम्हाला बिनफुलाचं उभं करायचं होतं मला."

"म्हणून एका बाईचं घर बाहेर पडलं," संजना म्हणाली.

"ते मी नाही टाकलं," टिपणीसबाई म्हणाल्या. "ते यांनी टाकलं."

एवढं मात्र त्या खरं बोलल्या.

अर्ज

नेऱ्याला परतेपर्यंत चार वाजले होते. मंगळ्यानं, गोदाच्या नवऱ्यानं, वीटभट्टीवरचा टेम्पो मागून आणला होता आणि निम्मं सामान चढलं होतं.

जुना अर्ज फाडून कर्णिकांनी नवा लिहिला: गोदाबाबत गैरसमज झाला. संजनानं तो परत दिला. त्यांनी दुसरा लिहिला: गोदाचा दोष नाही. तोही तिनं परत दिला. तिसऱ्यात त्यांनी लिहिलं की गोदावर मी खोटा आळ घेतला, आणि खाली सही केली. गोदानं तो दिपाकडून मोठ्यानं वाचून घेतला. मग म्हणाली, पुन्हा वाच. इंद्रजीत ओसरीवरून आत निघून गेला.

"आता झालं ना," कर्णिक म्हणाले. "राहा."

"पोरीची परीक्षा मार्चात हाय," गोदा त्यांच्याकडे न बघता म्हणाली. "तवर राहीन. मंग तुमी दुसरी बगा."

टेम्पोवाला खोळंबला होता. सामान उतरवू का, असं त्यानं कर्णिकांना विचारलं.

"उतरव," गोदा म्हणाली.