तांदळाच्या पिंपातला हुंकार

आमच्या हासिनीला घास भरवायचा तर आधी फोन लागे. पाण्याच्या चंबूला टेकवून फोन उभा करायचा, त्यात रंगीत माकडं नाचायला लागली की ही तोंड उघडणार. माकड थांबलं की तोंडही बंद. दोष तिच्या आईला तरी कसा द्यावा? स्वरूपा, माझी भावजय, दिवसाला हजार विड्या वळते. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि तंबाखू. तिथं पोर कुठं बसणार? आईच्या मांडीवर सूप आणि पोरीच्या मांडीवर फोन, हे तेलंगणातल्या आमच्या धर्मपुरीत निम्म्या घरांत असंच चालतं.

मी अंगणवाडीची टीचर. तीन वर्षांच्या मुलाला तीन शब्दांचं वाक्य आलं पाहिजे, हे मी आयांना तक्ता दाखवून शिकवते. माझी स्वतःची भाची साडेतीन वर्षांची झाली आणि तिला एक शब्द येत नव्हता. करीमनगरच्या डॉक्टरीणबाईंनी कान तपासले. कान उत्तम. "फोन बंद करा, पूर्ण," एवढंच म्हणाल्या.

माझा भाऊ तिरुपती मस्कतला असतो. हासिनी पोटात असताना गेला तो अजून आलेला नव्हता. आता पंधरा दिवसांनी रजेवर येणार होता, आणि त्याचं एकच मागणं होतं. "अक्का, तिला एकदा बापू म्हणू दे. काचेतून नको. समोर."

मी फोन बंद केला आणि हासिनीच्या डोळ्यांदेखत तांदळाच्या पत्र्याच्या पिंपात खोल पुरला.

शेजारची लच्चव्वा दारातून बघत होती. "वनजा, फोन पेरलास काय गं? उगवणार काय त्यातून?"

"शब्द उगवतील."

"मग मूठभर बी मला दे. आमचा म्हातारा लग्नापासून मुका आहे."

दोन दिवस पोरीनं घर डोक्यावर घेतलं. त्या दिवसांत स्वरूपा पिंपाकडे फिरकत नव्हती. "तांदूळ तुम्हीच काढा, वदिना, ती माझ्यामागं लागते," मला म्हणायची; नणंदेला आमच्यात वदिना म्हणतात. मी वरवरचं माप भरून घेई.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी अंगणवाडीतून आले तर घरात चिडीचूप. हासिनी पिंपाला कान लावून बसली होती. गाल पत्र्याला चिकटलेला, डोळे मोठे. थोड्या वेळानं ती म्हणाली, "हूं."

मी उंबऱ्यातच थांबले. पाचसहा श्वास गेले असतील. पुन्हा, "हूं."

आता माझं वेड सांगते. हरिकथा म्हटली की मी चूल टाकून धावते. नरसिंहस्वामींच्या देवळात आमचे म्हातारे हरिदास पायांत घुंगरू बांधून उभे राहिले, की लहानपणी मी पहिल्या रांगेत. ते म्हणायचे, "पोरांनो, कथा माझ्या तोंडात नाही, तुमच्या हुंकारात आहे. तुम्ही हुंकार दिला नाहीत तर दुसरं कोणी देईल. पण मग कथा त्याची."

पोरीचा हुंकार तसाच होता. वाक्य संपावं, श्रोत्यानं मान हलवावी, अगदी तेवढ्या अंतरानं येणारा. मला वाटलं, चाळीस दिवसांची होती तेव्हापासून मी हिला कथेला नेते. तिथलंच काही मुरलं असेल आणि आता वर येत असेल. मी देवापुढं साखर ठेवली.

पाचव्या दिवशी ती म्हणाली, "मग?"

स्वरूपाच्या हातातली विडी सुटली. सातव्या दिवशी, "कोण आला?" मी अंगणवाडीच्या वहीत तारीख घालून शब्द लिहायला लागले. नवव्या दिवशी पान भरलं. लच्चव्वा सकाळ-संध्याकाळ येऊन विचारी, "आज काय उगवलं?" आणि आम्ही तिघी पाय दुमडून पोरीकडे बघत बसायचो, देवळात बसतो तशा.

बाराव्या दिवशी ती पिंपापासून वळली आणि स्पष्ट म्हणाली, "राजानं विचारलं, या खांबात आहे का तो?"

प्रल्हादाची कथा. माझे हात आपोआप जुळले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी पुसत नव्हते.

तिरुपती सकाळच्या बसनं आला. कढईत तांदळाच्या पिठाची सर्वपिंडी भाजत होती, अंगणात अर्धी गल्ली. तो दारात बॅग ठेवून खाली बसला आणि त्यानं हात पसरले. हासिनी पिंपामागं लपली.

तिनं पत्र्याला कान लावला. ऐकलं. मान डोलावली. मग बाहेर येऊन, सरळ त्याच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "बापू."

तो बॅगेला धरून रडला. लच्चव्वा पदरात तोंड घालून "गोविंदा, गोविंदा" म्हणत होती. मी तर अंगणात नाचायची बाकी होते.

मंडळी पांगल्यावर तिरुपती म्हणाला, "अक्का, घरातला फोन आण गं. हिचं पहिलं रडणं पाठवलं होतंस ना, ते त्यात आहे. दोघं मिळून ऐकू."

मी पिंपाचं झाकण काढलं, बाही वर केली आणि हात घातला. कोपरापर्यंत. मग खांद्यापर्यंत. बोटांना तळाचा पत्रा लागला. तांदूळच होते.

स्वरूपानं आपली ट्रंक उघडली. साडीच्या घडीतून फोन काढला.

"पहिल्याच दिवशी काढून घेतला, वदिना. तुम्ही अंगणवाडीत गेलात तेव्हा. यांच्याशी कशावर बोलायचं मी?"

"आणि इतके दिवस बोलली नाहीस?"

"ती बोलायला लागली होती," स्वरूपा म्हणाली. "मी कशाला सांगू?"

माझा हात अजून आतच होता.

हासिनी बापाच्या मांडीवर चढली. "बापू, गोष्ट सांगू?"

"सांग की, माझी आई."

"एक राजा होता."

तिरुपती नुसता तिच्याकडे बघत राहिला. त्याला कथेची सवय नाही. हासिनी थांबली. वाट बघत राहिली. बापाकडे नाही, पिंपाकडे.

माझ्या बोटांभोवतीचे तांदूळ जरासे सरकले.

"हूं."

तिरुपती हसला. "अक्का, तुझी सवय काही गेली नाही."

माझे ओठ मिटलेले होते.

हासिनीनं समाधानानं मान हलवली आणि पुढचं वाक्य सांगितलं.