ताईचं ॲफिडेव्हिट

तुम्ही विश्वास ठेवा, असा माझा आग्रह नाही. पण तो कागद मी स्वतःच्या हातात धरला होता.

ऑगस्ट २०१५. शनिवार, दुपारचे साडेतीन. सिंगापूरच्या बुकित बातोकमधला अश्लेषाताईचा फ्लॅट.

प्रबोध भाऊजींना जाऊन पाच आठवडे झाले होते. ऑफिसला निघाले आणि बस स्टॉपवरच कोसळले.

भाऊजी वकील. एका कंपनीचे करार लिहायचे. ताई त्याच ऑफिसात टायपिस्ट होती, तिथेच दोघांचं जमलं. ती जुन्या सवयीने 'हिअरिनाफ्टर', 'द सेड' असलं, आपल्या 'यापुढे', 'सदरहू'सारखं कोर्टी इंग्रजी टाइप करायची आणि भाऊजी पेन्सिलीने खोडायचे. हे शब्द आता मोडीत निघाले, म्हणायचे. एका नियमावर मात्र अडून बसायचे. कागदात माणसाला एकदा जे म्हटलं, तेच शेवटपर्यंत म्हणायचं. शब्द बदलला की वाचणाऱ्याला वाटतं, माणसं दोन आहेत.

त्यांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. म्हणून कोर्टात ताईला ॲफिडेव्हिट द्यायचं होतं. मसुदा तिने स्वतःच टाइप केला, प्रिंट काढून डायनिंग टेबलवर ठेवला आणि आम्ही चहा करायला आत गेलो.

तेवढ्यात...

खर्र... खर्र...

कागदावर पेन्सिल ओढल्यासारखा आवाज.

घरात आम्ही दोघंच होतो.

बाहेर येऊन पाहिलं. कोणी नाही. टेबलवर पेन्सिलही नाही.

पण पहिल्या पानावरचे सगळे 'हिअरिनाफ्टर', सगळे 'द सेड' खोडलेले. पातळ, सरळ रेघांनी...

ताई घाबरली नाही. पाच आठवड्यांत पहिल्यांदा हसली.

"आलेत रे," म्हणाली.

मी पान उलटलं. उलटायला नको होतं.

सुरुवातीला ताईने भाऊजींना 'डिसीस्ड' म्हटलं होतं. म्हणजे मयत. अशा कागदात तसंच लिहितात. पण पुढे तिचा हात धजला नव्हता. तिथे तिने 'माय हजबंड' लिहिलं होतं. सात ठिकाणी.

सातही ठिकाणी ते खोडलं होतं.

आणि वर, भाऊजींच्या बारीक अक्षरात...

'डिसीस्ड'.

ताईने त्यावरून बोट फिरवलं. बोट काळं झालं.

"बरोबर आहे त्यांचं," ती म्हणाली. "शब्द एकच हवा."

मग कॉम्प्युटरसमोर बसून तिने तो शब्द सात वेळा टाइप केला. मी शेजारी उभा होतो. मला तिच्याकडे बघवेना.

पुढे कोर्टाचं काम व्यवस्थित झालं.

याला आता दोन वर्षं झाली. ताई अजून रोज एक पान टाइप करते. कोर्टासाठी नाही. त्यात दोघांच्या आठवणी असतात, पण भाषा मुद्दाम जुनाट, 'द सेड' आणि 'हिअरिनाफ्टर' ठासून भरलेली. प्रिंट काढून टेबलवर ठेवते आणि आत जाते.

एकही रेघ उमटलेली नाही.

मागच्या शनिवारी मला राहवलं नाही. ती आत गेल्यावर मी खिशातून पेन्सिल काढली. एक शब्द खोडावा, तिला तेवढंच बरं वाटेल.

टोक कागदाला टेकवलं... आणि हात पुढे सरकेना.

कोणीतरी मनगट धरलं होतं. घट्ट नाही. हळूच.

स्वयंपाकघरातून ताईने विचारलं, "काही आवाज आला का रे?"

"नाही," मी म्हणालो आणि पेन्सिल खिशात ठेवली.