अळणी ताटातलं मीठ

रतिलाल वैद्य सकाळच्या चहाबरोबर यंदाचा पहिला बिबडा, म्हणजे ज्वारीचा पापड, भाजून खात होता. मीठ अगदी नेमकं पडलं होतं. तेवढ्यात फोन वाजला.

"वैद्यभाऊ, आईचे पाय परत सुजले," समाधान म्हणाला. "दुपारच्या गाडीने रोहिणीला पिंपळनेरला तिच्या माहेरी सोडतो. आता बस झालं."

रतिलालने हातातला बिबडा खाली ठेवला. त्याला कारणही तसंच होतं. आठ दिवसांपूर्वी समाधानच्या ओट्यावर उभं राहून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात हाच शहाणा वैद्य बोलला होता, "औषध बरोबर आहे. सुजेला मीठ म्हणजे विष. पथ्य घरातच मोडतंय, आणि चूल कोणाच्या हातात आहे ते मी सांगायला नको." झालं. धरणगावच्या गल्लीत शब्द पडायचा अवकाश, रोहिणी सासूची वैरीण ठरली.

तो पोहोचला तेव्हा रोहिणीची पिशवी दाराशी भरून ठेवलेली होती. समाधानची आई, कमलअक्का, खाटेवर बसली होती. त्याने तिच्या नडगीवर अंगठा दाबला. पडलेला खड्डा लवकर भरेना.

"रोहिणी, अक्काचं जेवण?"

"वेगळ्या पातेल्यात शिजतं. मुगाचं कढण, भाकरी, दुधी. चाखून बघा."

त्याने चाखलं. ठार अळणी.

"मिठाची बरणी?"

"कपाटात, कुलपात. किल्ली यांच्या खिशात." तिने नवऱ्याकडे बोट दाखवलं. ती रडत नव्हती, आणि तेच रतिलालला जास्त लागलं.

"अक्का, चोरून काही खाल्लं?"

"तुनी शपथ भाऊ, घास बी खादा नही."

म्हातारी खोटी शपथ घेणारी नव्हती.

"घराबाहेर जातात?"

"पहाटे फिरायला," रोहिणी म्हणाली. "तुम्हीच सांगितलेलं."

त्याने वजनाची वही मागितली. रोहिणीने रोज नेमाने लिहिली होती. वजन वाढत गेलेलं, फक्त बुधवारी आणि गुरुवारी उतरलेलं.

"या दोन दिवसांत वेगळं काय केलं?"

"काहीच नाही. आभाळ आलं होतं. अक्का म्हणाल्या, आज कशाला जाऊ, आणि घरीच बसल्या."

फिरायला जाणारा माणूस गार हवा सोडून घरी कशाला बसेल? आभाळाला भितो तो उन्हात काहीतरी वाळवणारा. रतिलाल ओट्यावर आला. समोरच्या गच्चीवर जुन्या लुगड्यांवर बिबडे वाळत होते. शेजारच्या गच्चीवर तेच.

तो आत गेला. "अक्का, उजवा हात दाखवा."

नखांच्या कडेला पांढरं पीठ वाळून बसलं होतं.

"समाधान, ऐक," तो म्हणाला. "बिबड्यांसाठी ज्वारीचं पीठ शिजवून घाटा करतात. ओल्या घाट्यात मीठ बरोबर लागलं, तर वाळल्यावर बिबडा खारट होतो. ते आधी ओळखणारी जीभ या गल्लीत एकच. ऊन पडणार असलं की पहाटे बाया अक्काला बोलावतात. दर पातेल्याला दोन बोटं घाटा, त्यात मीठ आणि पापडखार. चार घरं फिरली की वाटीभर पोटात. आभाळ आलं की बिबडे बंद, आणि सूजही उतरते."

कमलअक्काने पदर तोंडावर ओढला. "चाखनं म्हंजे खानं शे का, भाऊ? बिमार शे तवपासून मले कोनी काही इचारं नही. हाऊ एकच मान उरना व्हता. रोहिणीले बोलू लागनात तवय मले शंका उनी. पन तोंड उघडानी लाज वाटनी."

"कोणाकोणाकडे गेलात?"

"रुपचंदकडे. कौतिककडे." ती अडखळली. "सोमवारी तुन्या घर."

रतिलालच्या कानाच्या पाळ्या तापल्या. रविवारी त्यानेच बायकोला सांगितलं होतं, "ज्योत्स्ना, मीठ बघायला अक्काला बोलाव. गेल्या वर्षी खारट झाले होते." आपल्याच रोग्याला! चाखणं म्हणजे खाणं, हे वैद्यालाही सुचलं नव्हतं. काखेत कळसा अन् गावाला वळसा, आणि वळशात एका सुनेची अब्रू गेली.

त्याने हात जोडले. "रोहिणी, चूक माझी. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली मी. मला स्वतःची शरम वाटते."

रोहिणी शांतपणे म्हणाली, "भाऊ, तेव्हा तुम्ही भरल्या गल्लीसमोर बोलले होते. आता इथे आपण चौघंच आहोत."

रतिलाल तसाच बाहेर आला. त्याने ओट्यावरून उतरून समोरचं दार वाजवलं. "वहिनी, बाहेर या. सगळ्यांना बोलवा. मला काही सांगायचंय."

समाधानने खाली मान घालून पिशवी आत न्यायला हात पुढे केला. रोहिणीने ती दिली नाही. वैद्य गल्लीला काय सांगतो, ते तिला आधी ऐकायचं होतं.