नऊ नंबरच्या कॅमेऱ्यासमोर

दुपारचे तीन वाजले होते आणि आम्हाला फक्त एक कॅमेरा बांधायचा होता. माझ्या पीएचडीत याहून सोपं काम नव्हतं.

माझा विषय तडस, म्हणजे पट्टेवाला तरस. पांढरकवड्यापलीकडच्या टेकड्यांत तडस किती आहेत, काय खातात, पिल्लं कुठं घालतात, हे मी चार वर्षं शोधत होते. वाघावर संशोधन करणाऱ्याचं कौतुक होतं. तडसावर करणारीला आई विचारते, "दुसरं काही मिळालं नाही का गं?" असो. प्रत्येक तडसाच्या अंगावरचे पट्टे वेगळे असतात. म्हणून पायवाटेवरच्या झाडांना गुडघ्याएवढ्या उंचीवर कॅमेरे बांधायचे. समोर काही हललं की ते आपोआप फोटो काढतात. मग आपण बसायचं पट्टे जुळवत.

कॅमेरा बांधला की तो चालतोय ना, हे तपासावं लागतं. त्यासाठी एकानं जनावरासारखं हातापायांवर रांगत त्याच्या समोरून जायचं. हे काम फुलसिंगभाऊंचं. जवळच्या तांड्यावरचे, पन्नाशीचे. माझे वाटाडे, मदतनीस, आणि खरं सांगायचं तर अर्ध्या प्रबंधाचे मालक.

त्यांची एकच अट होती. रांगून झालं की ते तसेच थांबायचे. मी नावानं हाक मारायची, त्यांनी 'ओ' द्यायची आणि मगच उठायचं. ही त्यांच्या घरची रीत. मोहफुलं वेचायला हात-गुडघे टेकलेल्या माणसालाही त्यांच्या घरात हाक मारूनच उठवत.

"रानात चार पायावर झालेला माणूस मोकळा रायते, मॅडम," ते म्हणायचे. "नाव घेऊन त्याले मानसात आनाव लागते. नाई त दुसरंच कोनी ओ देते."

मी हसायचे, पण हाक मारायचे.

त्या दुपारी नऊ नंबरचा कॅमेरा बांधून झाला आणि माझा फोन वाजला. त्या टेकडीवर नेमकी रेंज मिळते. माझे मार्गदर्शक होते, आणि त्यांनी मला फैलावर घेतलं. फोटो कमी, मुदत संपत आली, तुझं लक्ष कुठं आहे? मी 'हो सर, हो सर' करत होते. फुलसिंगभाऊ रांगून थांबले होते, माझ्याकडे बघत. मी हातानंच खुणावलं, उठा. ते उठले नाहीत. मी पुन्हा हात झटकला, या वेळी चिडून. मग ते उठले. उतरताना ते दोनदा थांबून मागं बघत राहिले, पण का, ते माझ्या लक्षात आलं नाही. सरांचा राग मी त्यांच्यावर काढला, याची मला आजही लाज वाटते.

आठवड्यानं कॅमेऱ्यातलं कार्ड काढलं. पहिला फोटो तीन वाजून अकरा मिनिटांचा: फुलसिंगभाऊ रांगतायत. दुसरा त्याच दिवशीचा, पाच वाजून दोन मिनिटांचा. त्या वेळी मी त्यांच्याच अंगणात त्यांच्यासोबत चहा पीत होते. पण फोटोत फुलसिंगभाऊ रांगत होते. तोच शर्ट, तोच दुपट्टा. त्यानंतर रोज एक. तडस एकही नाही.

कॅमेऱ्याचं घड्याळ बिघडलं असेल म्हणून मी फोटोतल्या सावल्या तपासल्या. घड्याळ बरोबर होतं.

फुलसिंगभाऊंना फोटो दाखवले तेव्हा त्यांनी ते एकेक करून पाहिले. मग म्हणाले, "हाक राह्यली, मॅडम."

"आता मारते ना! चला."

भर दुपारी गेलो. पळस फुललेला, वारा पडलेला, आणि कुजट, जनावर मेल्यासारखा वास. फुलसिंगभाऊंनी कॅमेऱ्यासमोर हात टेकले. मी हाक मारली.

"फुलसिंगभाऊ..."

त्यांनी तोंड उघडलं. पण आवाज आला तो मागच्या झुडपातून.

"ओ..."

त्यांचाच आवाज. जमिनीलगतचा.

फुलसिंगभाऊंचे हात कोपरात दुमडले आणि ते तोंडावर पडले. मी त्यांना कसंबसं खाली आणलं. पाच दिवस ते उभे राहू शकले नाहीत. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे. सहाव्या दिवशी जरा बसते झाले, तोच शेजाऱ्यानं रस्त्यावरून नावानं हाक मारली. 'ओ' परसातून आली. या वेळी ते वीस दिवस अंथरुणाला खिळले.

त्यांची बायको लाडीबाई मला दारातच भेटली. "दर हाकेले ते वरतं उठून राह्यलं, अन् हे खाली चालले," ती हळूच म्हणाली. "मॅडम, आता त्याइचं नाव घेऊ नका. ते एकडाव उभं राह्यलं, तं हे उठनार नाई."

तेव्हापासून तांड्यावर ते नाव कुणी घेत नाही. मीही प्रबंधात लिहिलं नाही. नुसतं 'क्षेत्रसाहाय्यक'.

मागच्या महिन्यात माझी तोंडी परीक्षा झाली. सकाळचे अकरा, उजेडानं भरलेलं सभागृह, पन्नासेक माणसं. बाहेरून आलेले परीक्षक खूश होते. शेवटी त्यांनी ऋणनिर्देशाचं पान उघडलं.

"यात सगळ्यांची नावं आहेत. पण चार वर्षं ज्यानं कॅमेरे वाहिले, त्याचं नाही? हे शोभत नाही हं."

"सर, त्यांच्या घरच्यांनीच..."

"असं सगळेच म्हणतात. नाव काय त्यांचं?"

पदवी गेली तरी चालेल, पण तोंड उघडायचं नाही, असं मी ठरवलं होतं. मला सांभाळून घ्यायला म्हणून माझे मार्गदर्शक पुढं झाले.

"फुलसिंग, सर."

"ओ..."

शेवटच्या रांगेमागून. जमिनीलगत.

मला मान वळवता येईना. परीक्षकांनी चष्मा सावरला आणि माझ्या खांद्यावरून मागं बघत ते प्रसन्न हसले.

"अरे, आलेत की! असे खाली कशाला बसलात, मामा? उठा, उठा. उभे राहा!"

"नको, सर..." मी म्हणाले, पण त्यांचं लक्ष मागंच होतं.

मागं एक खुर्ची करकरली, कुणी तिच्या पाठीला धरून उठावं तशी. सभागृहात टाळ्या सुरू झाल्या. टेबलावरचा माझा फोन थरथरू लागला. लाडीबाईचा होता.