ओरडणारी बाई

खोल समुद्रात तरंगणाऱ्या त्या गावाखाली लाटांवर वीज करणारी चक्रं अखंड घरघरायची. म्हणून प्रत्येकाच्या कानात कर्णसखी असे. शेंगदाण्याएवढं यंत्र ते. घरघर गाळायचं आणि कुणीही बोललं तरी त्याचे शब्द आपल्या एकाच गोड आवाजात ऐकवायचं. बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते ना, इथली आत्या त्याआधी कर्णसखी बसवायची. हौसेला मोल नसतं! हेमांगीच्या लेकीला, ऊर्मीलाही तशीच बसवली. झोपेतसुद्धा काढत नसत, बाळ दचकेल म्हणून.

आता चक्रं झिजली आणि गाव मोडायचं ठरलं. कर्णसखी गावाच्या यंत्रणेवरच चालायची, किनाऱ्यावर ती बंद पडणार होती. हेमांगीला आधी बरंच वाटलं. सात वर्षांची झाली पोर, एकदाचा माझा आवाज ऐकेल. पण सवय व्हावी म्हणून यंत्र काढलं की ऊर्मी कावरीबावरी व्हायची. तिला एक शब्द कळेना.

घाबरून तिने डॉक्टर दळवींना गाठलं. त्यांनी तपासलं, कान ठणठणीत होते. अडचण मेंदूत होती. जन्मापासूनची काही वर्षं मेंदूचा कोवळा काळ असतो, ते म्हणाले. तेव्हा जे कानावर पडतं त्यावरच तो घडतो. किनाऱ्यावर वाढून इथे आलेल्या मोठ्यांनी माणसांचे आवाज आधीच ऐकलेले असतात, म्हणून त्यांना कर्णसखी बाधत नाही. ऊर्मीचा मेंदू मात्र त्या एकाच आवाजावर घडला होता.

"मग आता शिकवा ना तिला," हेमांगी रडकुंडीला आली. "जन्मभर बसेन मी तिच्यापाशी."

"ताई, पक्क्या मडक्याला आकार देता येत नाही. थोडंफार जमेल. खात्री देत नाही."

हेमांगीला ते पटेना. एकदा तरी बघूया, म्हणून ती हटूनच बसली. डॉक्टरांच्या खोलीत घरघर पोचत नसे. त्यांनी ऊर्मीची कर्णसखी काढली आणि ओठ दिसू नयेत म्हणून मधे पडदा ओढला. ऊर्मीच्या नकळत हेमांगी पडद्याआड गेली आणि तिने हाक मारली. मग पाळण्यात असल्यापासून म्हणायची ते सगळं म्हटलं, माझी चिमणी, माझी सोनसाखळी. आवाज चढत गेला, चिरकला. पलीकडे ऊर्मी कान दाबून भिंतीला चिकटली होती.

डॉक्टरांनी घाईने यंत्र परत बसवलं. हेमांगी डोळे पुसत बाहेर आली, तशी ऊर्मी धावत येऊन तिला बिलगली.

"आई, ती ओरडणारी बाई गेली?"

"गेली," हेमांगी म्हणाली. ऊर्मीला ते कर्णसखीच्या गोड आवाजात ऐकू आलं आणि ती शांत झाली.