कागदाचं जातं

तुमचा विश्वास बसो न बसो. माझ्या मामांनी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

साल १९५६. गडचिरोली तेव्हा चांदा जिल्ह्यातलं तहसिलीचं गाव होतं. मामा, म्हणजे गुणवंतराव, तिथल्या शाळेत गुरुजी होते.

शाळेत परीक्षेचे पेपर छापायचं हाताचं यंत्र होतं. साहेब लोक त्याला सायक्लोस्टाईल म्हणत. गावात सगळे म्हणत, कागदाचं जातं.

चपराशी मनसाराम दांडा फिरवायचा. समोर बसून त्याची बायको वच्छला एकेक ओला कागद उचलून रचायची. काम असं जुळलेलं, की दोघांना बोलावंच लागायचं नाही.

माघात ती तापानं गेली. शेवटपर्यंत कोरडा खोकला होता.

चैत्रातला रविवार. भरदुपारी गुणवंतराव विसरलेली छत्री न्यायला शाळेत गेले. आवारात चिटपाखरू नव्हतं.

आतून आवाज येत होता...

घरंग... घरंग...

छापायचं तर काहीच नव्हतं.

ते दारात आले. मनसाराम दांडा फिरवत होता. कागद कोरेच निघत होते. पण एकही खाली पडत नव्हता.

समोर कोणी नव्हतं.

कागद बाहेर यायचा... हवेत जरासा थांबायचा... आणि गठ्ठ्यावर अलगद बसायचा. कोपऱ्याला कोपरा जुळवून.

मग खोकला ऐकू आला... कोरडा, बाईमाणसाचा.

गुणवंतरावांनी दाराची चौकट धरली. मनसाराम मात्र शांत होता.

"रोज येते, गुरुजी," तो म्हणाला. "कागद संपले का जाते. म्हनून हेच कागद फिरून फिरून लावून राह्यलो."

त्याच्या तळहाताचे फोड फुटले होते. दांडा रक्तानं चिकट झाला होता.

गुणवंतरावांना ते पाहवेना. रिकाम्या जागेकडे बघत त्यांनी हात जोडले.

"वच्छलाबाई, झालं काम. याले मोकळं कर. जा आता."

मनसारामनं दांडा फिरवला.

कागद बाहेर आला... आणि फरशीवर पडला.

पुन्हा एक. तोही पडला.

तो वाट बघत बसला. खोकला नाही. काहीच नाही.

मग तो गुरुजींकडे वळला.

"मी तिले किती म्हनलं, जाऊ नको. नाई ऐकलं. तुमी जा म्हनलं, अन् ऐकलं."

हे सांगताना मामा फार थकले होते. आपण बरं केलं की वाईट, त्यांना ठरवता येत नव्हतं. पण ती गेली कुठे, हे ते मलाच विचारत राहिले.

जणू मला ठाऊक असावं...