पिंपाचा चार्ज

दिल्लीतलं माझं शेवटचं काम खरं तर अगदी साधं होतं. फरीदाबादच्या सरकारी गोदामातल्या एका लाकडी पिंपाचा चार्ज द्यायचा आणि पुण्याची गाडी पकडायची. माझी बायको उत्तरा तिथे माहेरी होती, दिवस भरत आले होते. इकडे लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये मी सामान बांधून बसलो होतो आणि ते पिंप काही मला सोडत नव्हतं.

पिंपात फ्रान्समधल्या एका फार जुन्या इस्टेटीची वाइन होती. आयात करणाऱ्याचा खटला चालू, म्हणून माल आमच्या ताब्यात. लाकडातून वाइन उडते, पातळी खाली जाते, हे नियमातही आहे. आमचं पिंप मात्र कधीही सील तोडून मोजा, काठोकाठ! हेड ऑफिस विचारी, 'घट का नाही? भेसळ झाली का?' मी उत्तर पाठवी, ते परत येई. घट सापडेपर्यंत म्हणे रिलीव्ह करणार नाहीत. डोकं फिरायची वेळ आली होती.

शेवटी आयातदारांकडच्या रेवतीला बोलावलं. ती त्याच इस्टेटीत वाइन करायला शिकली होती. दुपार होती, पण बाहेर धुरकं इतकं की गोदामात दिवे लावावे लागले.

"सर, तिकडे पिंप जरासुद्धा रिकामं ठेवत नाहीत. हवा शिरली की वाइन बिल्कुल खराब होते. म्हणून मधून मधून त्याच वाइनने वरपर्यंत भरतात. ते काम एकाच माणसाचं."

"मग इथे कोण भरतंय?"

तिने पिंपाच्या बुचाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "तिथले जुने लोक म्हणतात, जाताना त्याने नव्या माणसाला पिंपाजवळ आणायचं. नव्याने बुचाच्या भोकावर वाकून स्वतःचं नाव सांगायचं. नाहीतर... जुन्याचा हात सुटत नाही."

"अच्छा! हेच कळवतो हेड ऑफिसला," मी वैतागून म्हणालो आणि सील तोडलं.

बूच निघालं. ओल्या तळघरासारखा आंबूस वास आला... आणि तेवढ्यात वीज गेली. रेवती पर्समध्ये मोबाइल शोधू लागली. पिंपामागून आवाज येत होता. कोणीतरी झारीतून सावकाश काहीतरी ओतत होतं.

अंधाराला डोळे सरावले. बिनबाह्यांचा स्वेटर घातलेला एक माणूस वाकून उभा होता. दत्तात्रय साबळे! माझ्याआधी हे गोदाम त्यांच्याकडे होतं. पण साबळेसाहेब निवृत्त होऊन साताऱ्यात धडधाकट राहत होते, दिवाळीला आम्ही फोनवर बोललो होतो. आमचा चार्ज कागदावरच झाला होता. दोघांनी आपापल्या टेबलावर सह्या केल्या. सगळे तसंच करतात.

"देवधर..." ते पुटपुटले. "चार्ज घेताय ना?... थकलो हो."

खरं तर माझी बोबडी वळायला हवी होती. पण इतके महिने साठलेला संताप उसळून आला. मी भोकावर वाकून ओरडलो, "घेतला! श्रीरंग देवधर, सुपरिंटेंडंट! चार्ज घेतला! आता तरी सोडा मला!"

दिवे आले. पिंपामागे कोणी नव्हतं. रेवतीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"सर... नाव कशाला सांगितलंत?"

मी तिच्याकडे लक्षच दिलं नाही. पातळी बोटभर खाली गेली होती. घट मिळाली होती! हेड ऑफिस खूश झालं. माझ्या जागी आलेल्या माणसाने ऑफिसात चहा पिता पिता सही केली आणि मी सुटलो.

पुण्यात लेक मांडीवर घेऊन बसलो होतो, तेव्हा रेवतीचा फोन आला.

"सर, तुम्ही नक्की पुण्यात आहात ना?" ती कुजबुजत होती.

"हो. का?"

"मी गोदामात आहे. पिंप पुन्हा भरलंय. आणि... तुम्ही इथे उभे आहात. हातात झारी आहे. सारखं एकच विचारताय... मुलगा झाला की मुलगी?"

माझा हात लेकीच्या पाठीवर होता.

"मुलगी," मी कसंबसं म्हणालो.

रेवतीने ते तिथे कोणाला तरी सांगितलं. मग माझ्याच आवाजात कोणीतरी हुंदके देऊन रडू लागलं.